लोकल गार्डियनची सही

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला, की शहरात राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या बायकांना एक फोन हमखास येतो. करणारे कधी नणंदेच्या सासरचे असतात, तर कधी गावाकडचे जुने शेजारी. ख्यालीखुशाली होते, पाऊसपाणी होतं, आणि मग पलीकडचा आवाज जरासा खाली येतो. "आमच्या पोरीला तुमच्या पुण्यात कॉलेजला घातलीय. राहायची अडचण नाही बरं का, होस्टेल मिळालंय. फक्त त्या फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून तुमची एक सही पाहिजे होती."

आपण पटकन म्हणून जातो, "अहो, त्यात काय एवढं!" मीही म्हटलं होतं. यंदाही तुमच्यापैकी काहीजणींना असा फोन येईल किंवा येऊन गेला असेल, म्हणून माझ्या सहीची हकिकत सांगते. त्यात माझी फजितीच जास्त आहे, पण ती लपवली तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

ही गोष्ट २०२२ सालच्या ऑगस्टमधली. मुलगी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली, माझ्या धाकट्या दिरांच्या ओळखीतली. एफ. वाय. बी. एस्सी.ला प्रवेश मिळालेला. तिचं नाव इथे सांगत नाही. पहिल्या रविवारी ती जेवायला आली, तेव्हा ह्यांनी दार उघडून "या पाहुण्या" म्हटलं आणि आमच्या घरात तिला 'पाहुणी' हेच नाव पडलं. इथेही तेच राहू दे.

मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली. लेक नोकरीसाठी बंगळूरला. हाताशी वेळ होता, आणि खरं सांगायचं तर एक पोर जेवायला यायची म्हणून मला हुरूपही आला होता. दर रविवारी काहीतरी खास करायचं, जाताना डब्यात लाडू आणि बरणीत लोणचं द्यायचं. गार्डियन म्हणजे आणखी काय असतं? पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा निघायचा. आमच्या सासूबाईंच्या माहेरी असे दोन विद्यार्थी येत, हे त्या अभिमानानं सांगायच्या. मलाही वाटलं, आपण तीच परंपरा चालवतोय.

पानात वाढणं सोपं असतं हो. आपल्याला ते येतंही. जेवताना मी विचारायची, "काय गं, कसं चाललंय कॉलेज?" ती म्हणायची, "छान." "मैत्रिणी झाल्या का?" "हो." "अभ्यास जमतोय ना?" "हो, काकू." मी समाधानानं आणखी एक पोळी वाढायची. आता कळतं, की दोष माझ्या प्रश्नांचा होता. कॉलेज कसं चाललंय, ह्याला 'छान' सोडून दुसरं उत्तर कोणती मुलगी देईल? आणि तेही परक्या घरात, समोर दोन वडीलधारी माणसं तोंडाकडे बघत बसलेली असताना?

ती बोलली ती सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी, मेथी निवडताना. हात कामात होते, दोघींच्याही नजरा पाल्यावर होत्या. (ही एक युक्ती समजा. ज्या मुलीला बोलतं करायचंय तिला समोर बसवू नका, शेजारी बसवा आणि हातात काहीतरी काम द्या.) मी काही विचारलंही नव्हतं. तीच हळूच म्हणाली, "काकू, माझ्याकडनं ब्युरेट फुटली."

ब्युरेट म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक? रसायनशास्त्राच्या प्रयोगात वापरतात ती काचेची लांब, खुणा केलेली, खाली तोटी असलेली नळी. ती स्टँडला लावताना हिच्या हातून निसटली. पैसे भरून तो प्रश्न मिटला असता, पण सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल काय हवेत केलीत का?" वर्ग हसला. त्या दिवसापासून ही प्रॅक्टिकलला गेली नव्हती. मग त्या दिवशीची लेक्चरंही चुकायला लागली, कारण गेलं की कुणीतरी विचारणार.

आणि मैत्रिणींनो, सरांचं ते वाक्य लागलं ते खरं होतं म्हणून. ही मुलं दहावीला बसली मार्च २०२० मध्ये. भूगोलाचा शेवटचा पेपर करोनामुळे रद्द झाला होता, आठवत असेल. अकरावीचं अख्खं वर्ष घरात गेलं. हिच्या घरी एकच चांगला मोबाइल, तो वडिलांचा. रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. बारावीला कॉलेज काही महिने भरलं, अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी झाला आणि २०२२ च्या मार्चमध्ये एकदम लेखी परीक्षा. ब्युरेट तिनं पाहिली होती ती पुस्तकातल्या चित्रात. मार्क चांगले पडले, प्रवेशही मिळाला. शहरात क्लास लावलेल्या मुलांचं कसंबसं निभावलं. टाकीवर बसून शिकलेल्यांचं काय झालं, हे त्या वेळी कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, कुणाला सांगू नका हं." मी म्हटलं, "छे गं, कुणाला सांगतेय!"

पुढे जे झालं ते मला अजूनही अवघड वाटतं. ऑक्टोबरमध्ये होस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला. "तुमची मुलगी दिवसचे दिवस खोलीत असते. हजेरी भरली नाही, तर परीक्षेला बसू देणार नाहीत. गार्डियन म्हणून तुम्हाला कळवते आहे." माझ्या पोटात गोळाच आला. फॉर्मवर सही माझी! उद्या काही बरंवाईट झालं, तर तिच्या आईवडिलांना काय तोंड दाखवू? बँकेत एक शिस्त अंगात मुरलेली. खात्यात घोळ दिसला, की आधी वर कळवायचं, आपल्याकडे ठेवून घ्यायचं नाही. मी फोन उचलला आणि तिच्या वडिलांना सगळं सांगून टाकलं. ब्युरेट, हजेरी, सगळं. फोन ठेवल्यावर मला हलकंसुद्धा वाटलं. मी माझी जबाबदारी पार पाडली होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. रात्रीच्या एस. टी.नं स्वारगेटला उतरून तिचे वडील आले होते. मुलीला होस्टेलवरून सोबतच घेऊन आलेले. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "ताई, तुमचे लई उपकार झाले. तुम्ही कळवलं म्हणून समजलं. पोरगी रमत न्हाई तर कशाला उगा पैका घालवायचा? तिला घेऊन जातो. एक स्थळ पण सांगून आलंय."

पाहुणी दाराला टेकून उभी होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं, काकू."

तुम्ही कधी दूध उतू जाताना पाहिलंय ना? डोळ्यांसमोर वर येतं, आपण धावतो, आणि हात पोचेपर्यंत शेगडी विझलेली असते. माझं तसंच झालं. जी गोष्ट तिनं मला विश्वासानं सांगितली, ती मी माझी काळजी हलकी करायला दुसऱ्याला देऊन टाकली. तिचं काय होईल, हा विचार मी त्या फोनआधी दोन मिनिटंसुद्धा केला नव्हता. मला माझी सही वाचवायची होती.

मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आधी माझी चूक ऐकून घ्या. हिनं हे मला विश्वासानं सांगितलं होतं. तिला न विचारता तुम्हाला फोन केला, हे चुकलं. आणि तिला आळस नाही, तिला लाज वाटलीय, एवढंसुद्धा मला फोनवर नीट सांगता आलं नाही." हे बोलताना जीभ जड झाली होती. वयाच्या साठीला, त्या एवढ्याशा मुलीसमोर! मग मी पुढचं बोलायला तोंड उघडलं. तिच्या वतीनं सगळं पटवून द्यायचा माझा बेत होता. वकिली करायची मला सवयच आहे. तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी थांबले.

बराच वेळ कुणीच बोललं नाही. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग पाहुणी म्हणाली, "अण्णा, मला परीक्षा द्यायचीय. नापास झाले तर मी स्वतः बॅग भरून येते. पण न बसता नका नेऊ."

मी बोलले असते, तर ह्याहून दहापट बोलले असते, आणि कदाचित ते तिला घेऊनही गेले असते. ती बोलली म्हणून ते थांबले. "बरं. पहिली परीक्षा होऊ दे, मग बघू," म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. बाईसाहेब मात्र जाताना डबा न घेता गेल्या. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही. मी फोन केला, तर "अभ्यास आहे, काकू." तिसऱ्या रविवारी आली. विश्वासाचं विरजण नासलं, की ते पुन्हा लागायला वेळ लागतो, हे मला कळलं होतं. मी काही बोलले नाही.

आता मला त्या सरांचा राग आलेला. सोमवारी कॉलेजात जाऊन चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. ह्यांनी विचारलं, "तू सोमवारी भांडून येशील. मंगळवारी तिथे उभं कुणाला राहायचंय?" राग आला तरी मुद्दा बिनतोड होता. मग आम्ही घरातच रंगीत तालीम केली. हे झाले सर, गळ्यात लेकीची जुनी ओढणी उपरण्यासारखी टाकून खुर्चीत बसले. पाहुणी म्हणायची, "सर, माझं अकरावीचं प्रॅक्टिकल झालेलं नाही. मला शिकायचंय. कधी येऊ?" पहिल्यांदा आवाजच फुटेना. चौथ्या वेळेला ती हसली आणि वाक्य पूर्ण झालं.

ती गेली एकटीच. मी घरी बसून फोनकडे बघत होते. आणि गंमत म्हणजे सरांना आपण असं काही बोललो होतो हे आठवतच नव्हतं! म्हणाले, "शनिवारी दुपारी ये, लॅब मोकळी असते." खरं शिकवलं ते तिथल्या लॅब असिस्टंट काकांनी. ब्युरेट भरून झाली, की तोटीतला हवेचा बुडबुडा आधी काढायचा. द्रावणाची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून खोलगट भागाच्या तळाशी वाचायची. शेवटी शेवटी थेंब-थेंब सोडायचा. हे पुस्तकातही असतं, पण बाजूला उभं राहून "हां, आता हळू" म्हणणारं माणूस पुस्तकात नसतं.

आमच्या घरी दुसरं काम सुरू झालं. मला रसायनशास्त्र येत नाही, गणित बँकेपुरतं. तेव्हा शिकवणार काय? एका रविवारी मी भाजी चिरताना म्हटलं, "ह्या आठवड्यात काय झालं ते मला कळेल असं सांग." ती सांगायला लागली. इंडिकेटर म्हणजे काय, हे तिला सांगता येईना. थोड्या वेळानं म्हणाली, "काकू, हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो की नाही? साबण आम्लारी असतो. हळद आपल्याला तेच सांगते. तसंच ते फिनॉल्फ्थॅलिन. आम्लात त्याला रंग नसतो, आम्लारी जास्त झाला की गुलाबी."

मी सुरी खाली ठेवली. चाळीस वर्षं मी हळदीचे डाग धुतेय!

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट उमगली. आम्लारी, संयुजा, उत्प्रेरक, ऊर्ध्वपातन हे सगळं तिला दहावीपर्यंत मराठीत उत्तम येत होतं. कॉलेजात तीच माणसं बेस, व्हॅलन्सी, कॅटॅलिस्ट, डिस्टिलेशन अशी नावं बदलून भेटत होती आणि ही त्यांना परकी समजून घाबरत होती. मी एक शंभर पानी वही आणून दिली. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. वही तिनं भरली, मी फक्त आणली. फेब्रुवारीपर्यंत ती पाऊण भरली. तुमच्याकडे मराठी शाळेतून आलेली मुलगी असेल, तर हजाराच्या क्लासआधी ही वही करून बघा.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. रसायनशास्त्र सुटलं, गणिताचा एक पेपर राहिला. एटीकेटी. तिनं वडिलांना स्वतः फोन केला. मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी. पलीकडून अण्णा विचारत होते, "मंजे पास का नापास?" ती म्हणाली, "एक विषय सोडून पास. तो पुन्हा देता येतो, त्याला फॉर्म भरावा लागतो." बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मग भर की." स्थळाचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आता थोडं कामाचं बोलते, कारण गार्डियन म्हणून सही केलीत, की ह्या गोष्टी तुम्हाला ठाऊक हव्यात. पहिली रॅगिंगची. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक, दोघांकडून हमीपत्र घेतात. आपण ते न वाचता सही करतो. वाचा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२ आहे, तो मुलीच्या फोनमध्ये घालून द्या. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज भरताना बहुतेकांचं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि आधारला न जोडलेल्या बँक खात्यावर. ह्या दोन गोष्टी गावाकडून निघण्याआधीच करून आणायला सांगा. तहसील कार्यालय तिच्या गावाजवळ असतं, पुण्यात नाही. होस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे. पाहुणीनं दुसऱ्या वर्षी त्यातून कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. आणि कॉलेजात बहुधा प्रत्येक मुलाला एक प्राध्यापक 'मेंटॉर' म्हणून नेमून दिलेला असतो. नॅकच्या तपासणीसाठी त्याच्या याद्या नीट असतात. प्रत्यक्षात कितीदा भेट होते, ते मुलीला विचारा. झाली नसेल, तर आपण जाऊ नका. तिला जायला सांगा.

भाऊराव पाटलांचं नाव आलंच आहे, तर एक सांगू? त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली हे आपण शाळेत शिकलो. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हेही आपल्याला माहीत असतं. मला मात्र आता त्या बोर्डिंगची दुसरी बाजू जास्त आठवते. तिथली मुलं झाडलोट, स्वयंपाक स्वतः करत. पोटच्या पोरांसारखी माया आणि तरीही काम त्यांच्याच हातात! पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, ती खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठीच. हे काम आपल्याकडे जुनं आहे. मी आपली त्यातला लाडवांचा भाग तेवढा उचलला होता.

पाहुणीच्या निमित्तानं दुसरीकडे एक उजेड पडला, तोही सांगते. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची मी नऊ वर्षं अध्यक्ष होते. दिवाळीत आम्ही फराळाच्या ऑर्डरी घेतो. भाजणीचं प्रमाण माझ्या डोक्यात, हिशोब माझ्या वहीत, किराणावाला माझ्या ओळखीचा. कुणी काही विचारलं, की माझं ठरलेलं उत्तर, "असू दे, मी बघते." बायका माझं कौतुक करायच्या, आणि मी घरी येऊन ह्यांच्याजवळ कुरकुरायची, की एकीच्याही अंगात धमक नाही, सगळं मलाच करावं लागतं. ह्यांनी एकदा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं, "तू त्या सगळ्यांची लोकल गार्डियन झालीयस." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण २०२३ च्या दिवाळीआधी हिशोबाची वही मी दुसरीला दिली आणि चकल्यांचं काम मंडळातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेकडे. फार जड गेलं, खोटं कशाला बोलू? ती पीठ भिजवत होती आणि मला पाच हातांवरून दिसत होतं, की मोहन जास्त झालंय. जीभ शिवशिवत होती. "मी बघते" अगदी ओठांवर आलेलं. मी एवढंच म्हटलं, "सगळ्या पाडायच्या आधी एक घाणा तळून बघतेस का?" तिनं तळला. चकल्या तेलात विरघळल्या. कढईकडे बघत ती क्षणभर थांबली, मग तिनं आपणहून आणखी कोरडी भाजणी मिसळली, मळलं, पुन्हा तळून पाहिलं. जमलं. एक घाणा वाया गेला. आता कुणी म्हणेल, माहीत असून तो तरी का जाऊ दिला? माझं उत्तर असं, की पुढच्या वर्षी तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे फोनवर. मला हिशोब फक्त दाखवला. थोडं वाईट वाटलं. पण अध्यक्षपण मी त्याच वर्षी सोडलं.

गप्प बसणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हेही सांगायला हवं. हा तोल मला अजून नेहमी साधत नाही. मुलगी रात्र-रात्र जागत असेल, जेवत नसेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, कुणी तिला धमकावत असेल, तर तिथे "तुझं तू बघ" चालत नाही. तिथे वडीलधाऱ्या माणसानं पुढे व्हायचं, डॉक्टरांना दाखवायचं, घरीही कळवायचं. फक्त कळवण्याआधी तिला सांगायचं, "हे मी तुझ्या घरी सांगणार आहे. ये, तू शेजारी बस, आपण दोघी मिळून फोन करू." एवढं एक वाक्य मी त्या ऑक्टोबरात म्हटलं असतं, तर!

पाहुणी तिसऱ्या वर्षाला गेली, त्या २०२४ च्या जूनपासून पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिटं, त्यांचा हिशोब ठेवायला एबीसी आयडी. होस्टेलच्या नव्या मुली गोंधळल्या आणि तिच्याकडे आल्या, कारण वर्षभरात ती खोलीवर येणाऱ्यांना शब्दांची वही दाखवायची म्हणून प्रसिद्ध झाली होती. पण हिला स्वतःला ह्यातलं काही लागूच नव्हतं, तिचा अभ्यासक्रम जुना! मला वाटलं, ती चाचपडेल. मी असते, तर नक्की काहीतरी ठोकून दिलं असतं. ती म्हणाली, "काकू, मी त्यांना सांगितलं, मलाही माहीत नाही. चला, ऑफिसात जाऊन विचारू. आणि विचारायचं त्यांनीच, मी नुसती मागं उभी राहणार."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. कुठून आलं, ते मी विचारलंही नाही.

२०२५ मध्ये ती बी. एस्सी. झाली. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, आणि पगारातून धाकट्या भावाची फी भरते. त्याच पावसाळ्यात तिच्या गावातली एक मुलगी पुण्यात शिकायला आली. त्या मुलीच्या वडिलांनी लोकल गार्डियन म्हणून माझं नाव सुचवलं, तर पाहुणी परस्पर म्हणाली, "काकूंना कशाला त्रास? फॉर्म माझ्याकडे आणा." मला हे नंतर कळलं. तिनं सही केली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "काकू, ती सगळ्याला 'छान' म्हणते हो. काय करू?"

मी म्हटलं, "रविवारी दोघी या. मेथी आणते."

आल्या दोघी. ह्यांनी दार उघडलं आणि सवयीनं नव्या मुलीला म्हणाले, "या पाहुण्या." तर आमची पाहुणी चप्पल काढता काढता थांबली आणि म्हणाली, "काका, तिला तिचं नाव आहे." ह्यांनी कान पकडले आणि त्या मुलीला नाव विचारलं.